सम मोकळी सोडणारं संगीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: जमैकाचा गायक बॉब मार्ली आवडला म्हणून पुढे शोधत गेलो, पण तो गायचा त्या रेगे या संगीतप्रकाराची चाळीस-पन्नास गाणी लागोपाठ ऐकल्यावर सगळी सारखीच वाटायला लागली. तीच गिटारची चक्-चक्, तोच संथ ठेका. मग जाणकार यात नेमकं ऐकतात काय? आणि रॉकस्टेडी म्हणजे वेगळं काही, की त्याच मालावर दुसरी चिठ्ठी?

मी पंचवीसहून जास्त वर्षं बेस गिटार वाजवतो आहे. त्यातली बरीचशी हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात गेली. तिथे बेसवाला कुठे उभा असतो हे प्रेक्षकांना सांगावं लागतं. तेव्हा हे उत्तर बेसवाल्याचं आहे, थोडा पक्षपात धरूनच वाचा.

आधी एक उलट प्रश्न विचारतो. ही गाणी तुम्ही कशावर ऐकलीत? फोनच्या स्पीकरवर ऐकली असतील तर तक्रार बरोबर आहे, पण गाण्यांवर अन्याय झाला आहे. तो इवलासा स्पीकर खर्जातलं जवळजवळ काहीच वाजवत नाही. उरते ती गिटारची चक्-चक् आणि वरचा आवाज. रेगेत गिटारचं काम दारावर टकटक करण्याइतकंच असतं. घर आत आहे, आणि ते बेसमध्ये आहे. साधे पण बरे हेडफोन घ्या किंवा कुणाच्या घरच्या मोठ्या स्पीकरवर ऐका. हे संगीत मुळात घडलं तेच जमैकाची राजधानी किंग्स्टनच्या रस्त्यांवर आणि मोकळ्या अंगणांत लावलेल्या कपाटाएवढ्या स्पीकरांसाठी. त्याला साउंड सिस्टम म्हणत. क्लबात जाऊन वाद्यवृंद ऐकणं परवडत नसे, त्यांच्यासाठी तबकड्या वाजवणारा मालक, त्याचा माइकवाला आणि स्पीकरांची उतरंड हीच मैफल. पुढे मोठे झालेले ड्यूक रीड आणि क्लेमेंट डॉड हे दोघे निर्माते मुळात साउंड सिस्टमवाले. डॉडला सगळे ‘कॉक्सन’ म्हणत. शाळेत तो क्रिकेट बरं खेळायचा, म्हणून मुलांनी यॉर्कशायरच्या अ‍ॅलेक कॉक्सन या खेळाडूचं नाव त्याला चिकटवलं. जमैकाच्या संगीतातलं सगळ्यात दबदब्याचं नाव एका गोलंदाजावरून पडलं आहे, हे मला फार आवडतं.

आता ठेका. आपला कान समेवर येण्यासाठी घडलेला असतो. भजन असो, लावणी असो, ‘धा’ कुठे पडणार हे आपल्याला पोटातून कळतं आणि तिथे मान हलते. रेगेच्या ज्या ठेक्याला ‘वन ड्रॉप’ म्हणतात तो नेमका याच सवयीला चकवतो. एक-दोन-तीन-चार असं सावकाश मोजा. गिटार येते दोनवर आणि चारवर. ड्रमची किक आणि काठीचा टोला दोन्ही एकदम पडतात तीनवर. आणि एकवर? ड्रमवाला तिथे काही ठेवतच नाही. सम मोकळी. पहिल्यांदा ऐकताना पायरी चुकल्यासारखं वाटतं. थोड्या वेळाने शरीर ती रिकामी जागा स्वतः भरायला लागतं, गुडघे आपोआप वाकतात, आणि मग कळतं की हे लोक नाचताना घाईत का नसतात. मार्लीच्या ‘द वेलर्स’मधला ड्रमवाला कार्लटन बॅरेट या ठेक्याचा बादशहा. त्याचा थोरला भाऊ अ‍ॅस्टन, ज्याला सगळे ‘फॅमिली मॅन’ म्हणत, बेस वाजवायचा. ‘वन ड्रॉप’ याच नावाचं मार्लीचं गाणं १९७९ च्या ‘सर्व्हायव्हल’ अल्बमवर आहे. ते लावा आणि मार्लीकडे पूर्ण दुर्लक्ष करून फक्त या दोन भावांचं काय चाललं आहे तेवढं ऐका. अवघड जाईल, पण एकदा करून बघा.

‘सगळं सारखंच’ या तक्रारीवर माझं खरं उत्तर मात्र तबल्यातून येतं. तबल्याचं एकल वादन ऐकायला आपण बसतो तेव्हा हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा धरलेला असतो. तासभर तीच एक ओळ. कुणी उठून म्हणत नाही की पेटीवाल्याला दुसरं काही येत नाही का! ती ओळ स्थिर आहे म्हणूनच तबला कुठे फिरून कुठे आला हे समजतं. रेगेतली बेसची ओळ हे लेहऱ्याचं काम करते. फरक एवढाच की इथे लेहराच नायक आहे. ती ओळ एका दमात बोललेल्या वाक्यासारखी असते: दोन शब्द, विराम, तीन शब्द, पुन्हा विराम. हे विराम ऐकायला शिकलात की दोन गाणी एकसारखी वाटणं थांबेल. नवशिका बेसवाला विराम भरून काढतो, हे मी स्वतः कित्येक वर्षं केलं आहे. एका कार्यक्रमात असंच एक गाणं वाजवताना आमचा ड्रमवाला मध्येच ओरडला होता, “अरे, बोटं खिशात घाल थोडी!” इतका चांगला धडा मला कुठल्या शिकवणीत मिळाला नाही.

आता रॉकस्टेडी. नाही, ती दुसरी चिठ्ठी नाही. आणि माझ्या मते मार्लीनंतर जायचं ठिकाण हेच आहे, पुढे नाही, मागे.

क्रम असा. जमैका ६ ऑगस्ट १९६२ ला स्वतंत्र झाला, तेव्हा तिथे ‘स्का’ वाजत होतं: वेगवान, ट्रंपेट-सॅक्सोफोन-ट्रॉम्बोननी भरलेलं, आणि बेस जॅझसारखा प्रत्येक मात्रेवर पाऊल टाकत चालणारा. ते वाजवणारे लोक पक्के शिकलेले होते. किंग्स्टनला कॅथलिक नन्सनी चालवलेली अल्फा नावाची मुलांची शाळा होती, अनाथ आणि वाया जातील अशा पोरांसाठी. तिच्या बँडमधून टॉमी मॅकुक, डॉन ड्रमंड असे वादक निघाले. ‘स्काटलाइट्स’ हा स्काचा सर्वश्रेष्ठ वाद्यवृंद १९६४ मध्ये जमला आणि पुढच्याच वर्षी मोडला. ड्रमंडसारखा ट्रॉम्बोन पुन्हा झाला नाही. त्याच्या चाली अनेकदा कोमल सुरांकडे झुकणाऱ्या, आपल्या कानाला ओळखीच्या वाटाव्यात अशा उदास. १ जानेवारी १९६५ ला आपल्या मैत्रिणीचा, नर्तकी मार्गारिटा हिचा, त्याने खून केला आणि १९६९ मध्ये तो मनोरुग्णालयात मेला. त्याच्या वाजवण्याचं कौतुक करताना तिचं नाव गाळू नये असं मला वाटतं.

१९६६ च्या सुमारास वेग उतरला. का उतरला, याची कारणं जितके म्हातारे वादक तितकी. एक लाडकं कारण म्हणजे त्या वर्षीचा उकाडा: नाचणाऱ्यांना स्का झेपेना. दुसरं हॉप्टन लुइसच्या ‘टेक इट ईझी’चं: शब्द स्काच्या गतीत बसेनात म्हणून त्याने वादकांना हळू वाजवायला सांगितलं, असं सांगतात. मला पटणारं कारण जास्त रुक्ष आहे. मोठा वाद्यवृंद मोडला, ब्रासवाल्यांची फौज खर्चिक झाली, आणि इलेक्ट्रिक बेस हाताशी आला. उभ्या बेसवर जी ओळ अंधुक घुमायची ती आता स्वच्छ, गोल, प्रत्येक सूर मोजता येईल अशी ऐकू यायला लागली. मग तिला सतत चालत ठेवायची गरज उरली नाही. ती थांबून बोलू शकत होती.

इथे एक नाव लक्षात ठेवा: लिन टेट. गिटारवाला, मूळचा त्रिनिदादचा, १९६२ च्या स्वातंत्र्यसोहळ्यासाठी जमैकात आला आणि राहिला. आधी तो स्टीलपॅन, म्हणजे पत्र्याच्या पिंपातून घडवलेलं वाद्य, वाजवायचा, आणि ते त्याच्या गिटारमध्ये ऐकू येतं: टपटप पडणारे, किंचित दाबलेले सूर. बेसच्या ओळीलाच वरच्या सप्तकात गिटारने सावलीसारखी साथ द्यायची ही त्याची खूण. बेस आणि गिटार एकच वाक्य दोन आवाजांत बोलतात. एकदा कानात बसलं की रॉकस्टेडी दोन सेकंदांत ओळखता येते. १९६८ मध्ये टेट कॅनडाला गेला आणि रॉकस्टेडीचा काळही तिथेच साधारण संपला. दोन-अडीच वर्षं, बस. एवढ्या कमी काळात एवढी चांगली गाणी, हा प्रकार मला अजून उलगडलेला नाही.

ती गाणी मुख्यतः दोन पत्त्यांवर झाली. एक, १३ ब्रेंटफर्ड रोड: कॉक्सन डॉडचा ‘स्टुडिओ वन’. दुसरा, ३३ बाँड स्ट्रीट: ड्यूक रीडचा ‘ट्रेझर आइल’. रीड हा माजी पोलिस. खाली त्याचं दारूचं दुकान, वर लाकडी स्टुडिओ. कमरेला पिस्तूल लावून तो गाणी ऐकायचा आणि खूश झाला की हवेत बार काढायचा, असे किस्से त्याच्याबद्दल ढिगाने आहेत. आणि या माणसाच्या माडीवर झालेली गाणी मात्र इतकी नाजूक की बंदूक आणि हे गाणं एका खोलीत कसं राहिलं असेल याचं नवल वाटतं. टॉमी मॅकुकचा ‘सुपरसॉनिक्स’ हा तिथला ठरलेला वाद्यवृंद, बेसवर जॅकी जॅक्सन. बेसवाला म्हणून माझा देव विचाराल तर मार्लीच्या बॅरेट भावांआधी मी जॅक्सनचं नाव घेईन. भांडायला तयार आहे.

गाणारे बहुधा तिघे. एक मुख्य, दोन साथीला. शिकागोच्या कर्टिस मेफिल्डच्या ‘इम्प्रेशन्स’चा त्यांच्यावर एवढा प्रभाव की काही गाणी थेट त्यांचीच घेतलेली. आपल्या कानाला अशा तीन पट्ट्यांत एकाच वेळी चालणाऱ्या गाण्याची सवय कमी, त्यामुळे आपण नकळत मुख्य गायकाला धरतो आणि बाकीचे दोघे पार्श्वभूमीत विरघळतात. एक युक्ती सांगतो. ‘पॅरागॉन्स’चं ‘द टाइड इज हाय’ लावा, १९६७ चं. पहिल्यांदा जॉन होल्टचा मुख्य आवाज ऐका, मऊ, घाई नसलेला. दुसऱ्यांदा फक्त साथीचे दोन आवाज. तिसऱ्यांदा मागचं व्हायोलिन, कारण रॉकस्टेडीत व्हायोलिन सापडणं दुर्मीळच. चौथ्यांदा बेस. हेच गाणं १९८० मध्ये ‘ब्लाँडी’ या अमेरिकी बँडने गायलं आणि जगभर गाजवलं, ते कदाचित तुमच्या कानावर असेल. मूळ गाणं ऐकल्यावर ते मला प्लास्टिकच्या फुलांसारखं वाटतं. माझा पक्षपात मी आधीच कबूल केला आहे.

मग ऑल्टन एलिस. ‘रॉक स्टेडी’ हे शब्द शीर्षकात घालणारा गायक हाच. त्याच्या आवाजात विनवणी असते पण लाचारी नसते. त्या काळी किंग्स्टनमध्ये ‘रूड बॉय’ म्हणवणाऱ्या टोळीबाज पोरांची गाणी धडाधड निघत होती, काही त्यांना दटावणारी, काही डोक्यावर घेणारी. एलिसने त्यांना सुनावलं. डेझमंड डेकरने त्याच वस्तीचं चित्र ‘००७’ मध्ये इतक्या गोड चालीत मांडलं की दंगल आणि गोळीबाराबद्दल तो गातो आहे हे अर्धं गाणं संपल्यावर लक्षात येतं.

रेगेचा जन्म १९६८ चा. टूट्स हिबर्टच्या ‘मेटल्स’नी त्या वर्षी ‘डू द रेगे’ काढलं आणि हा शब्द पहिल्यांदा तबकडीवर आला. इथे एक गैरसमज काढून टाकू: स्का वेगवान, रॉकस्टेडी संथ, रेगे अतिसंथ, अशी उतरती पायरी नाही. सुरुवातीचा रेगे रॉकस्टेडीपेक्षा चपळ होता. ऑर्गन फुगे फुटल्यासारखा बुडबुडत होता, गिटारची चक् दुहेरी झाली होती. तो संथ, जड, धीरगंभीर झाला तो नंतर, सत्तरच्या दशकात, रास्ताफारी या जमैकातल्या धर्मपंथाचा विचार गाण्यांत पसरत गेला तसा. रास्तांचे न्याबिंगी ढोल तीन असतात: मोठा बास, मधला फुंडे आणि वर बोलणारा रिपीटर. फुंडेवर हृदयाच्या ठोक्यासारखी दुहेरी थाप धरलेली असते. तो ठोका रेगेत बऱ्याच ठिकाणी लपलेला सापडतो.

‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ याच वळणावर येतं. आमच्या गल्लीच्या गणपतीत दहा दिवस बोनी एमची कॅसेट वाजायची. मंडपात आरती संपली की लगेच बॅबिलॉनच्या नद्या! कुणाला शब्द कळत नव्हते, सगळ्यांना चाल पाठ होती. ते गाणं जमैकाच्या ‘मेलोडियन्स’चं आहे, १९७० चं, हे मला फार उशिरा कळलं. शब्द बायबलच्या स्तोत्रांतले: परक्या देशात बंदी म्हणून नेलेले लोक नदीकाठी बसून रडताहेत, आणि पकडून नेणारे त्यांना म्हणताहेत, गा. गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेल्यांच्या वंशजांनी ते गायलं तेव्हा बॅबिलॉन म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. मेलोडियन्सच्या गाण्यात ‘किंग अल्फा’चा उल्लेख आहे, म्हणजे रास्तांसाठी देवस्वरूप असलेला इथिओपियाचा सम्राट हेले सेलासी. १९७८ मध्ये बोनी एमने तिथे पुन्हा साधा बायबलमधला ‘प्रभू’ घातला. एक नाव बदललं आणि गाणं मंडपापर्यंत पोचण्याइतकं निरुपद्रवी झालं. दोन्ही लागोपाठ ऐका. मूळ गाण्यात आनंद आहे, पण तो रडून झाल्यानंतरचा आहे.

‘सारखंच वाटतं’ याला एक प्रामाणिक कारणही आहे, ते लपवत नाही. कधी कधी ते खरोखर तेच असतं! एकदा बेस-ड्रमची जोडी जमली की तीवर दुसरा गायक वेगळं गाणं गातो, मग तिसरा. अशा पायाला तिकडे ‘रिडिम’ म्हणतात. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदावर ‘चाल: अमुक तमुक’ असं छापलेलं असायचं, म्हणजे चाल तीच, शब्द नवे. रिडिममध्ये शब्दही नवे आणि चालही नवी, फक्त जमीन तीच. स्टुडिओ वनच्या ‘रियल रॉक’ या एका वाद्यगीताच्या जमिनीवर शेकडो गाणी उभी आहेत. तिकडच्या श्रोत्याला यात चोरी दिसत नाही. ओळखीच्या लेहऱ्यावर नवा पठ्ठ्या काय करतो हीच तर गंमत.

याची सुरुवात एका चुकीतून झाल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. स्पॅनिश टाउनमधल्या रडी रेडवुड या साउंड सिस्टमवाल्यासाठी ट्रेझर आइलमध्ये पॅरागॉन्सच्या ‘ऑन द बीच’ची खास तबकडी कोरताना गायकांचा आवाज घालायचाच राहिला. त्याने ती तशीच नाचात वाजवली, आणि गर्दी स्वतः गायला लागली. पुढे यू-रॉय नावाच्या माइकवाल्याने त्याच ट्रेझर आइलच्या रॉकस्टेडीवर माइक घेऊन बोलायला, ओरडायला, मूळ गायकाशी गप्पा मारायला सुरुवात केली. १९७० मध्ये त्याची तीन गाणी जमैकात एकाच वेळी पहिल्या तीन क्रमांकांवर होती. आणि किंग टबी नावाच्या रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या कारागिराने चार ट्रॅकच्या मिक्सरवर आवाज काढून टाकले, परत आणले, प्रतिध्वनीत बुडवले. ते डब. टबीचं ऐकताना तो काय घालतो याऐवजी काय काढतो ते ऐका. गायक अर्ध्या शब्दावर नाहीसा होतो आणि खाली बेस उघडा पडतो. विहिरीत डोकावल्यासारखं वाटतं.

मग मार्लीचं काय? मार्ली मोठाच. पण तुम्ही ऐकलेला मार्ली परदेशी कानांसाठी आवरून-सावरून पाठवलेला आहे. १९७३ च्या ‘कॅच अ फायर’वर लंडनमध्ये निर्माता ख्रिस ब्लॅकवेलने रॉक गिटार आणि कीबोर्ड वरून चढवले. वाईट झालं असं नाही, पण त्यातलं ‘स्टर इट अप’ आणि वेलर्सनी स्वतः १९६७ मध्ये केलेलं तेच गाणं शेजारी ठेवा. जुनं रॉकस्टेडीतलं आहे, अंगणातलं आहे.

गांज्याशिवाय हे संगीत कळत नाही असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. माझ्या ओळखीचे निम्मे चांगले रेगेवाले चहावर चालतात. ‘गांजा’ हा शब्द मात्र जमैकाला आपल्याकडून गेला. १८४५ पासून उत्तर हिंदुस्थानातून जहाजं भरभरून कराराने बांधलेले मजूर तिकडच्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले, त्यांच्याबरोबर शब्दही गेला आणि चिलीमही.

शेवटी विचारलं आहे की एकच गायक किंवा गायिका निवडायची तर कोण. फिलिस डिलन. जमैकातल्या लिनस्टेड गावची मुलगी, लिन टेटने तिला गाताना ऐकलं आणि ड्यूक रीडकडे नेलं. ‘डोन्ट स्टे अवे’ हे तिचं पहिलंच गाणं, स्वतः लिहिलेलं. आवाज इतका सरळ, की दुःख सांगतानाही तो कुठे थरथरत नाही. वर्ष-दीड वर्षात ती न्यूयॉर्कला गेली, बँकेत नोकरी धरली, संसार केला. अधूनमधून किंग्स्टनला येऊन रीडसाठी गाऊन जायची, मग १९७१ नंतर तेही थांबलं. वीस वर्षांनी तिला पुन्हा मंचावर बोलावलं, तेव्हा ती आली. २००४ मध्ये वारली. ते गाणं रात्री लावा, आवाज मध्यम ठेवा, बेस थोडा वर. पहिल्या ओळीआधी वादक किती कमी वाजवतात तेवढं बघा.